हातसडीचा तांदूळ ते मॅग्नेशियमची गोळी : वर्धा परिसरातील आहारविचार आणि मधुमेह – एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : सेलू तालुका, जि. वर्धा)

गोषवारा

मधुमेही व्यक्तींनी मॅग्नेशियमची पूरक मात्रा घ्यावी की नाही, हा प्रश्न आज वैद्यकशास्त्रात चर्चिला जातो. वरवर पाहता हा प्रश्न औषधाचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी धान्याचा इतिहास आहे. धान्याच्या कोंड्यात व अंकुरात असलेले मॅग्नेशियम यांत्रिक प्रक्रियेत मोठ्या प्रमाणावर निघून जाते. याच प्रक्रियेविरुद्ध इ.स. १९३४ पासून वर्धा येथील अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाची व हातदळणाच्या पिठाची चळवळ उभारली. प्रस्तुत शोधनिबंधात या चळवळीचा, मॅग्नेशियमविषयक वैद्यकीय संशोधनाचा आणि सेलू तालुक्यासारख्या कापूस-ज्वारीच्या प्रदेशातील बदलत्या आहाराचा एकत्रित विचार करण्यात आला आहे. वर्ध्याच्या आहारविचाराने भातगिरणी व पिठाची चक्की यांना एकाच मापाने मोजले. मॅग्नेशियमच्या दृष्टीने मात्र ही दोन यंत्रे भिन्न आहेत, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : मॅग्नेशियम, मधुमेह, हातसडीचा तांदूळ, ग्रामोद्योग संघ, ज्वारी, सेलू.

प्रस्तावना

भारतात मधुमेह हा आता केवळ शहरी व सुखवस्तू वर्गाचा आजार राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणाचे पहिले निष्कर्ष इ.स. २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के होते; ग्रामीण भागातही ते ६.५ टक्क्यांच्या आसपास होते. याच सर्वेक्षणाच्या इ.स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आणि प्रमाण ११.४ टक्के असल्याचे नोंदविले. म्हणजेच तालुक्याच्या बाजारपेठेत औषधांच्या दुकानासमोर उभा असलेला शेतकरी, शेतमजूर किंवा गृहिणी हा या आजाराचा आजचा प्रातिनिधिक रुग्ण आहे.

अशा रुग्णाच्या औषधखर्चात अलीकडे जीवनसत्त्वे व खनिजे यांच्या गोळ्यांची भर पडलेली दिसते. त्यांत मॅग्नेशियमचा समावेश असतो. ही गोळी आवश्यक आहे काय, असल्यास कोणाला, आणि जे खनिज पूर्वी ताटातूनच मिळत होते ते विकत घेण्याची वेळ का आली, या प्रश्नांचा मागोवा इतिहासाच्या अंगाने घेणे उपयुक्त ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) वर्धा येथील ग्रामोद्योग चळवळीतील धान्यविषयक विचाराचा आढावा घेणे.
२) मॅग्नेशियम व मधुमेह यांच्या संबंधाविषयीच्या संशोधनाची वाटचाल स्पष्ट करणे.
३) सेलू तालुक्याच्या संदर्भात पीकपद्धती व आहार यांतील बदलांचा अर्थ लावणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून तो प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारित आहे.

सेलू तालुका : पार्श्वभूमी

वर्धा जिल्हा इ.स. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा करण्यात आला. इ.स. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि या काळ्या मातीच्या पट्ट्यातील कापूस जगाच्या बाजाराशी जोडला गेला. वर्धा व नागपूर यांच्या दरम्यान वसलेला सेलू हा याच पट्ट्याचा भाग होय. सेलू रोड हे रेल्वेस्थानकही याच मार्गावर आहे. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेल्या इ.स. १९०६ च्या वर्धा जिल्हा गॅझेटियरमधून कापूस व ज्वारी यांवर उभे असलेले शेतीचे चित्र दिसते. कापूस विकण्यासाठी आणि ज्वारी खाण्यासाठी, अशी ही सरळ विभागणी होती. ज्वारीची भाकर, कण्या, आंबील, तुरीचे वरण आणि जवसाची चटणी हा सर्वसामान्य कुटुंबाचा आहार होता. ज्वारीचा कडबा बैलांना मिळत असल्याने माणूस व जनावर या दोघांचेही पोषण एकाच पिकावर अवलंबून होते.

खनिजांच्या दृष्टीने हा आहार दुबळा नव्हता. राष्ट्रीय पोषण संस्थेने इ.स. २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १३३ मिलिग्रॅम, बाजरीत सुमारे १२४ मिलिग्रॅम आणि गव्हाच्या पूर्ण पिठात सुमारे १२५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. जवस व तीळ यांत तर ते ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक आढळते. याउलट मैद्यात ते सुमारे ३१ मिलिग्रॅम आणि पॉलिश केलेल्या तांदळात अवघे १९ मिलिग्रॅम असते. न सडलेल्या, म्हणजे केवळ टरफल काढलेल्या तांदळात मात्र ते सुमारे ९४ मिलिग्रॅम असते. तांदळाच्या दाण्यातील जवळजवळ चार पंचमांश मॅग्नेशियम केवळ पॉलिशमुळे नष्ट होते, हे या आकड्यांवरून दिसून येते.

मगनवाडीचा आहारविचार

सेलूपासून काही कोसांवर असलेल्या वर्ध्यात इ.स. १९३४ च्या अखेरीस भारतीय आहाराच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रयोग सुरू झाला. मुंबई येथील काँग्रेस अधिवेशनात ऑक्टोबर १९३४ मध्ये संमत झालेल्या ठरावानुसार डिसेंबरमध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू हे संघाचे अध्यक्ष व जे. सी. कुमारप्पा हे संघटक-चिटणीस होते. जमनालाल बजाज यांनी आपली बाग व घर संघाला दिले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. इ.स. १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे पुढील काळातील सेवाग्रामला, राहावयास जाण्यापूर्वी महात्मा गांधींचा मुक्काम मगनवाडीत होता.

संघाच्या कार्यक्रमात हातसडीचा तांदूळ, हातदळणाचे पीठ, घाणीचे तेल व गूळ यांना अग्रस्थान होते. यामागे दोन हेतू होते. गिरण्यांमुळे खेड्यातील, विशेषतः स्त्रियांचा, रोजगार बुडतो हा पहिला. आणि गिरणी धान्यातील पोषक अंश काढून घेते हा दुसरा. हा दुसरा मुद्दा केवळ भावनेवर आधारित नव्हता. पॉलिशचा तांदूळ व बेरीबेरी यांचा संबंध क्रिस्तियान आयकमन यांनी जावा बेटावर इ.स. १८९० च्या दशकात दाखवून दिला होता आणि त्यांना इ.स. १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी भारतातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना देऊन प्रयोग केले होते. त्यांत अख्ख्या गव्हाची पोळी व दूध असलेला उत्तरेकडील आहार सर्वात सरस, तर पॉलिशच्या तांदळावर आधारलेला आहार निकृष्ट ठरला होता. मॅककॅरिसन यांचे नाव संघाच्या सल्लागारांत होते. चंद्रशेखर वेंकट रामन, प्रफुल्लचंद्र राय व डॉ. जीवराज मेहता हेही त्यांत होते. तांदूळ, पीठ व गूळ यांविषयी डॉक्टर व रसायनशास्त्रज्ञ यांची मते मागविण्यात आली आणि गांधीजींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकात या विषयावर सातत्याने लेखन झाले.

मगनवाडीचे स्वयंपाकघर हीच एक प्रयोगशाळा होती. इ.स. १९३५ मध्ये तेथे सोयाबीनचा आहारात समावेश करून पाहण्यात आला. डिसेंबर १९३८ मध्ये मगन संग्रहालय सुरू झाले आणि ग्रामोद्योगाची सुधारित साधने लोकांसमोर मांडली गेली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. मगनवाडीच्या आहारविचाराचा भर जीवनसत्त्वे, क्षार व प्रथिने यांवर होता. मॅग्नेशियम व मधुमेह यांचा संबंध त्या काळी कोणीही मांडलेला नव्हता. तसेच गुळात काही खनिजे असली तरी तो मुख्यतः साखरच आहे आणि मधुमेही व्यक्तीला तो अपायकारकच ठरतो. म्हणून संघाने आजच्या मधुमेहावरील उपाय आधीच सांगून ठेवला होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. दाण्यातून काय काढले जाते हे पूर्णपणे कळण्यापूर्वी ते काढू नये, एवढीच त्या विचाराची खरी शिकवण होती.

मॅग्नेशियम : मूलद्रव्यापासून गोळीपर्यंत

मॅग्नेशियमची औषधी ओळख जुनी आहे. इंग्लंडमधील एप्सम येथील कडवट झऱ्याच्या पाण्यातून मिळणारे लवण सतराव्या शतकापासून रेचक म्हणून प्रसिद्ध होते. जोसेफ ब्लॅक यांनी इ.स. १७५५ मध्ये मॅग्नेशिया हा चुन्याहून वेगळा पदार्थ असल्याचे दाखविले आणि हम्फ्री डेव्ही यांनी इ.स. १८०८ मध्ये हे मूलद्रव्य विलग केले. परंतु ते प्राण्यांच्या जगण्यास आवश्यक आहे, हे सिद्ध होण्यास आणखी सव्वाशे वर्षे लागली. अमेरिकेत क्रूस, ओरेंट व मॅककॉलम यांनी मॅग्नेशियमरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांचे निरीक्षण इ.स. १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. ग्रामोद्योग संघाची स्थापना त्यानंतर दोनच वर्षांनी झाली.

इ.स. १९५५ मध्ये ॲलन वॉल्श यांनी अणुशोषण पद्धती मांडल्यानंतर रक्तातील मॅग्नेशियम मोजणे सुलभ झाले आणि मधुमेहींमध्ये त्याचे प्रमाण वारंवार कमी आढळते, हे पुढील दशकांत स्पष्ट होत गेले. याची कारणमीमांसा अशी की, इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाशी जोडले गेल्यावर पुढील संदेश देणाऱ्या विकरास मॅग्नेशियमची गरज असते. ते कमी पडल्यास इन्सुलिन असूनही त्याचा परिणाम मंदावतो. दुसरीकडे, रक्तातील साखर वाढली की लघवीचे प्रमाण वाढते व तिच्यावाटे मॅग्नेशियम बाहेर टाकले जाते. अशा रीतीने मधुमेहामुळे मॅग्नेशियम घटते आणि मॅग्नेशियम घटल्याने मधुमेह अधिक अवघड होतो, असे दुष्टचक्र निर्माण होते.

अमेरिकेतील परिचारिका व आरोग्यव्यावसायिक यांच्या सुमारे १ लाख २७ हजार जणांच्या दीर्घकालीन निरीक्षणातून इ.स. २००४ मध्ये असे दिसून आले की, आहारातून अधिक मॅग्नेशियम घेणाऱ्यांना मधुमेह होण्याचा धोका कमी होता. परंतु असे लोक कोंड्यासह धान्य, डाळी, भाज्या व कठीण कवचाची फळे अधिक खात असल्याने हा लाभ केवळ मॅग्नेशियमचा की संपूर्ण आहाराचा, हे निरीक्षणावरून ठरविता येत नाही.

गोळ्यांच्या प्रयोगांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. ब्राझीलमध्ये १२८ मधुमेहींवर केलेल्या व इ.स. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक महिना मॅग्नेशियम देऊनही रक्तशर्करेचे नियंत्रण अपेक्षेप्रमाणे सुधारले नाही. मेक्सिकोतील दुरांगो येथील इ.स. २००३ च्या अभ्यासात मात्र रक्तात मॅग्नेशियम कमी असलेल्या ६३ मधुमेहींचीच निवड करण्यात आली होती. त्यांपैकी ज्यांना मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण १६ आठवडे दिले, त्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप ८.० टक्के, तर न दिलेल्या गटाचे १०.१ टक्के आढळले. अभ्यास लहान असला तरी त्याचा बोध महत्त्वाचा आहे : ज्याच्या शरीरात उणीव आहे त्याला पूरक मात्रेचा उपयोग होऊ शकतो, ज्याला उणीव नाही त्याला सरसकट गोळी देण्यास पुरेसा आधार नाही. अमेरिकन मधुमेह संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही उणीव नसलेल्या रुग्णांना खनिजांच्या सरसकट गोळ्यांची शिफारस केलेली नाही.

शिवाय काही व्यावहारिक मर्यादा आहेत. शरीरातील एकूण सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियमपैकी निम्म्याहून अधिक हाडांत असते व एक टक्क्याहूनही कमी रक्तद्रवात असते. त्यामुळे रक्ततपासणीचा आकडा नेहमीच पूर्ण सत्य सांगत नाही. जास्त मात्रेने जुलाब होतात. मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या रुग्णांत मॅग्नेशियम साचून धोका संभवतो, आणि दीर्घकालीन मधुमेहात मूत्रपिंडाचा विकार सामान्यतः आढळतो. आम्लपित्तावरील काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम घटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने इ.स. २०११ मध्ये दिला होता. म्हणून ही गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेण्याची वस्तू नव्हे.

शेत बदलले, ताट बदलले

स्वातंत्र्यानंतर हातसडीच्या उद्योगाला काही काळ कायद्याचे संरक्षण मिळाले. इ.स. १९५८ च्या भातगिरणी उद्योग (नियमन) कायद्याने नव्या गिरण्यांवर परवान्याचे बंधन घातले, इ.स. १९९७ मध्ये हा कायदा रद्द झाला. प्रत्यक्षात हातसडी त्याआधीच मागे पडली होती. उखळ-मुसळाचे कष्ट स्त्रियांच्या वाट्याला होते आणि पर्याय मिळताच त्यांनी तो स्वीकारला, यात आश्चर्य नाही.

ज्वारीचे काय झाले, हा प्रश्न सेलू परिसरासाठी अधिक महत्त्वाचा आहे. इ.स. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण आले व उत्पादन वाढले; परंतु पावसात सापडलेला दाणा काळा पडत असे व त्याला भाव मिळत नसे. रानडुकरे, रोही व पाखरे यांच्यापासून राखण करणे अवघड झाले. इ.स. १९९० नंतर सोयाबीन विदर्भात झपाट्याने पसरले. लवकर हाती पडणारे व रोख पैसा देणारे हे पीक शेतकऱ्याला सोयीचे होते. मगनवाडीने इ.स. १९३५ मध्ये जे सोयाबीन माणसाच्या अन्नासाठी करून पाहिले, तेच पुढे वर्ध्याच्या शिवारात आले. मात्र ते ताटात न येता तेल व पेंड यांसाठी कारखान्यात गेले आणि जाताना ज्वारीची जागा घेऊन बसले.

घरातील धान्याची पोकळी स्वस्त धान्य दुकानातील गहू व तांदूळ यांनी भरून काढली. इ.स. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. भूक निवारणाच्या दृष्टीने या व्यवस्थेचे मोल मोठे आहे. तथापि दिवसाला १५० ग्रॅम ज्वारीऐवजी तेवढाच पॉलिशचा तांदूळ खाल्ल्यास आहारातील मॅग्नेशियम सुमारे २०० मिलिग्रॅमवरून सुमारे ३० मिलिग्रॅमवर येते. ही १७० मिलिग्रॅमची घट डाळी, भाज्या किंवा तेलबिया यांनी भरून निघाली नाही, तर ती भरण्यासाठी औषधाच्या दुकानात जावे लागते. एका दुकानात मिळालेल्या धान्याची उणीव दुसऱ्या दुकानात पैसे मोजून भरून काढणे, असा हा व्यवहार आहे.

इ.स. २०२१ मध्ये सार्वजनिक वितरणातील तांदूळ पोषणयुक्त करण्याचे धोरण जाहीर झाले. त्यात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळण्यात आले. पॉलिशमध्ये गेलेले मॅग्नेशियम त्यात नव्हते. हा वादही जुनाच आहे. तांदळाच्या कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व नेल्लोर येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स यांनी इ.स. १९३६ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले; त्याच सुमारास वर्ध्यात तो कोंडा दाण्यावरच ठेवावा असे सांगितले जात होते. पहिल्या मार्गाने ज्ञात असलेला एक घटक परत मिळतो. दुसऱ्या मार्गाने अद्याप ज्ञात नसलेले घटकही टिकून राहतात. मॅग्नेशियम हे अशाच तेव्हा दुर्लक्षित राहिलेल्या घटकांपैकी एक होते.

भातगिरणी आणि चक्की : एक आवश्यक भेद

ग्रामोद्योग संघाने भातगिरणीप्रमाणेच पिठाच्या गिरणीलाही विरोध केला. रोजगाराच्या दृष्टीने तो सुसंगत होता. पोषणाच्या दृष्टीने मात्र या दोहोंत मूलभूत फरक आहे. भातगिरणी दाण्यावरील थर घासून वेगळा करते. मैद्याची रूळगिरणीही कोंडा व अंकुर बाजूला काढते. गावातील चक्की मात्र दाणा जसा आहे तसा दळते. जात्यातून निघालेले ज्वारीचे पीठ व चक्कीतून निघालेले ज्वारीचे पीठ यांतील मॅग्नेशियम जवळजवळ सारखेच असते. खनिज उष्णतेने नाहीसे होत नाही. ते कोंड्याबरोबर जाते. घरी पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून दिला, तर चक्कीने राखलेले चाळणीने घालविले असे होते.

हा भेद लक्षात घेतल्यास वर्ध्याच्या आहारविचारातील ग्राह्य अंश आजही उपयोगी पडतो आणि त्यासाठी स्त्रियांना पुन्हा जात्यावर बसविण्याची आवश्यकता राहत नाही. यंत्र कोणते वापरावे याबरोबरच ते दाण्यातून काय काढते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

निष्कर्ष

१) वर्धा येथील ग्रामोद्योग संघाने इ.स. १९३४ नंतर धान्यप्रक्रियेचा प्रश्न अर्थकारण व आरोग्य या दोन्ही अंगांनी मांडला. मॅग्नेशियमविषयक पुढील संशोधनाने त्याच्या आरोग्यविषयक बाजूला एक नवा आधार दिला.

२) मॅग्नेशियमची पूरक मात्रा ही उणीव सिद्ध झालेल्या मधुमेहींसाठी, वैद्यकीय सल्ल्याने व मूत्रपिंडाची तपासणी करून घेण्याची बाब आहे. ती मधुमेहावरील औषधांची जागा घेऊ शकत नाही.

३) ज्वारीची भाकर हेही मधुमेहावरील औषध नव्हे, तिच्यातही पिष्टमय पदार्थ असतात व तिचेही प्रमाण सांभाळावे लागते. मात्र तेवढ्याच पॉलिशच्या तांदळाच्या अथवा मैद्याच्या तुलनेत ती कितीतरी अधिक मॅग्नेशियम देते.

४) सेलूसारख्या तालुक्यात ज्वारी मागे पडण्याची कारणे शेतीच्या अर्थकारणात आहेत. ज्वारीला भाव, पिकाला राखण आणि स्वस्त धान्य दुकानात जागा मिळाल्याशिवाय आहाराचा उपदेश निष्फळ ठरतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचा समावेश असल्याने यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

५) भातगिरणी व चक्की यांतील भेद आरोग्यशिक्षणात स्पष्टपणे सांगितला जावा. पीठ न चाळता वापरणे, जवस-तिळाची चटणी ताटात ठेवणे आणि आठवड्यातून काही दिवस तरी भाकर करणे या बाबी अल्प उत्पन्न गटालाही शक्य आहेत.

तालुक्यातील मधुमेही व्यक्तीपुढे आज गोळी की भाकर असा पर्याय उभा केला जातो. इतिहासाच्या प्रकाशात पाहिल्यास खरा प्रश्न त्याच्या शेतातून ज्वारी का गेली, हा आहे. त्याचे उत्तर केवळ दवाखान्यात मिळणार नाही; ते शेत, बाजार आणि धान्य दुकान या तिन्ही ठिकाणी शोधावे लागेल.